शेंगा भिजेपर्यंत

लाखनीत मला सगळ्यांनी इतका मान दिला की माझ्याकडे कोणी बसायलाच येईना. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. नागपूरहून बदलून आलेली, लग्न न झालेली, एकटी. कोणाकडे हळदीकुंकवाला गेले की बायका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेल्या असायच्या आणि माझ्यासाठी आतून खुर्ची यायची. मी खुर्चीवर बसले की बोलणं थांबायचं. खाली बसते म्हटलं तर दोघीतिघी उठून मला परत वर बसवायच्या. "तुमी बसा जी वर, तुमाले कायले तरास." मग एखादी विचारायची, माझी पोरगी अभ्यास करते का? मी सांगायची, करते. तिथे संभाषण संपायचं.

शाळा असेपर्यंत बरं असायचं. पोरी गोंधळ घालायच्या, मी ओरडायची, आमचं छान चालायचं. पण शाळा सुटली की घर. घर म्हणजे हायवेच्या जरा आत एक खोली, पुढे पडवी, मागे न्हाणी. घरमालक भंडाऱ्याला राहायचे. वह्या तपासून व्हायच्या, स्वयंपाक एका माणसाचा, तो असून असून किती असणार? दिवेलागणीला रस्त्यावरून ट्रक जायचे, समोरच्या घरांतून चुलींचा धूर निघायचा, कोणीतरी कोणालातरी जेवायला हाका मारायचं, आणि मला रडू यायचं. कारण काही नसायचं. एकटेपणा म्हणतात तो हाच, हे मला चांगलं ठाऊक होतं. विज्ञानाच्या बाईला लक्षणांवरून निदान करता येतं. उपाय तेवढा सापडत नव्हता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या उन्हाळ्यात नागपूरला एका लग्नात माझी कॉलेजातली मैत्रीण भेटली. हॉस्टेलात आम्ही एका खोलीत राहायचो. आता तिचा नवरा निलगिरीत बागायतीच्या सरकारी नोकरीत होता. तिने पर्समधून मेणकागदाची एक गुंडाळी काढून माझ्या हातात दिली. आत काळ्या, चिवट, सुरकुतलेल्या शेंगांची जुडी होती. कागद उघडला आणि आजूबाजूच्या गजऱ्यांचा वास मला येईनासा झाला. हॉस्टेलात आम्ही स्टोव्हवर वाळूचं पातेलं ठेवून चोरून केक करायचो, त्यात बाजारच्या बाटलीतलं इसेन्स घालायचो. खरा व्हॅनिला असा वेलीवरच्या शेंगेतून येतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं.

"उभ्या चीर आणि चांगल्या कडक दारूत भिजत घाल," ती म्हणाली. "अंधारात ठेव, रोज बाटली हलव. दिवाळीपर्यंत झाकण उघडू नकोस."

"दारू कुठून आणू?"

"विज्ञानाची ना तू?" असं म्हणून ती हसली आणि वरातीत नाचायला गेली.

हायवेवर विदेशी दारूचं दुकान होतं. तिथे ट्रकवाले उभे असायचे आणि माझ्या काही विद्यार्थिनींचे वडीलही. तिथून बाटली घेणं म्हणजे राजीनामा लिहूनच जाणं. प्रयोगशाळेत स्पिरिट होतं, पण ते दिव्यात घालायचं, पोटात गेलं तर डोळे जातात, हे मीच पोरींना घसा फोडून सांगत होते. राहिली मोहाची. न्हाणीतलं पाणी तापवायला मी सरपण घ्यायची, ते जंगलाकडून येणारी एक मोळीवाली टाकून जायची. तिला विचारलं. ती दचकली वगैरे नाही. आमच्या भागात मोहाची बाटली हे काही नवल नव्हे. कोणाच्या गुडघ्यांना चोळायला लागते, कोणाच्या देवाला लागते. पुढच्या खेपेला तिने मोळीच्या पोटातून बाटली काढून दिली.

मी बशीत थोडी ओतली आणि काडी लावली. काडी विझली. निम्म्याच्या वर पाणी असणार. यात शेंगा घातल्या तर कुजतील, म्हणून मी ती सगळी मोरीत ओतली, बाटली राखेने घासून स्वच्छ केली आणि मोळीवाली आल्यावर तिच्या हातात ठेवली.

"ही फार पाणचट होती," मी सांगितलं. "पहिल्या धारेची आण. मला कडक लागते."

तिने रिकाम्या बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "कडकच लागते का जी बाईले?"

"कडकच," मी म्हणाले. वर्गात सूचना देताना देते तशी स्पष्ट.

दुसऱ्या बाटलीतली बशीत निळ्या ज्योतीने पेटली. मला इतका आनंद झाला की पोरींना दाखवावंसं वाटलं. ब्लेडने शेंगा उभ्या चिरल्या, आतले बारीक काळे दाणे बोटांना चिकटले, ते चाटले, काहीच चव लागली नाही. शेंगा बाटलीत सोडून बूच घट्ट लावलं आणि बाटली फळीवर पिठाच्या डब्याच्या मागे ठेवली. रोज संध्याकाळी शाळेतून आले की ती काढायची, हलवायची, उजेडाकडे धरून रंग पाहायचा. घरी आल्याबरोबर करायला काहीतरी होतं. ज्याच्या घरी माणसं आहेत त्याला याची किंमत कळणार नाही.

समोरच्या घरात एक शेतकरी कुटुंब होतं, पिढ्यानपिढ्या तिथलंच. तलावाच्या पाण्यावर त्यांचं धान पिकायचं. त्या घरची मोठी सून माझ्यापेक्षा थोडी मोठी. मी तिला वहिनी म्हणायची, ती मला बाई. रस्त्यात भेटली की पदर सावरून बाजूला व्हायची. आमची ओळख एवढीच. तर ती वहिनी एका संध्याकाळी सुपात तांदूळ घेऊन माझ्या दारात उभी.

"बाई, आमच्या इथचा लाइट लय पिवळा पडते जी. तुमच्यापाशी बसून निवडू का?"

मी खुर्ची ओढायच्या आत ती जमिनीवर बसलीसुद्धा. मग मीही बसले. आम्ही दोघींनी तांदळातले खडे वेचले. तिने तिच्या सासूच्या दातांची हकिकत सांगितली, जावेच्या कंजूषपणाची सांगितली, करडी गावाला तिचं माहेर होतं तिथल्या विहिरीच्या पाण्याची चव सांगितली. मी जेवल्याशिवाय ती उठेना. "तुमी वाढून घ्या, मी हाये बसून." मी तिच्यासमोर जेवले. कोणाच्या तरी समोर बसून जेवल्याला किती दिवस झाले होते ते मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून निघतानाच पाय उचलून चालले होते. ती रोज येऊ लागली. कधी तांदूळ, कधी लाखोरीची डाळ, कधी नुसती वाती वळायचा कापूस. घरात जाऊ होती, सासू होती, संध्याकाळची चूल जाऊ बघायची, त्यामुळे हिला निघता यायचं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसत असेल देव जाणे, पण शाळेत हेडबाईंनी विचारलं, काही ठरलंय का? मी म्हटलं, काय ठरणार? आणि हसले. मला मैत्रीण मिळाली होती.

धानाची रोवणी लागली. दिवसभर चिखलात वाकून तिचे पाय पांढरे पडायचे, बोटांच्या बेचक्यांत कातडी सोलायची. तरी दिवेलागणीला ती हजर. भिंतीला टेकायची आणि बोलता बोलता डुलकी लागायची.

"अहो वहिनी, घरी जाऊन झोपा," मी म्हणायची.

"नाही जी. हे वेळ गेली पायजे."

कोणती वेळ, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, तिलाही माझ्यासारखंच होत असेल.

मग एके दिवशी शाळेत पालकांची सभा लांबली. मी घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता आणि वहिनी माझ्या पायरीवर बसून होती. मला पाहताच उठली, अगदी जवळ आली आणि माझ्या तोंडाशी तोंड आणून तिने श्वास घेतला.

"आज नाही ना घेतली?"

"काय?"

"आता माह्यापाशी काय लपवता जी? मोळीवालीनं सांगतलं मले. गावात कोणाले नाही सांगतलं तिनं, मीनंही नाही सांगतलं. माहा मोठा भाऊ असाच गेला, बाई. लय चांगला माणूस होता. दिवसभर ठीक राहे. दिवा लागला की त्याचा जीव कसनुसा होये. त्या वेळेले कोणी त्याच्यापाशी बसलं ना, गोष्टी केल्या, जेवाले घातलं, की तो दिवस निघून जाये. पण बसन कोण? मी तर सासरी होती."

मी कुलूप काढलं. मग दार उघडून तरातरा आत गेले, पिठाच्या डब्यामागून बाटली काढली आणि दिव्याखाली तिच्यासमोर धरली. ओरडलेच असेन. या शेंगा आहेत, बघा. वासाच्या आहेत. दारूत भिजवून त्यांचा अर्क काढतात. केकात घालायला.

"दारूत भिजवून केकात घालतेत?"

"हो!"

तिने मान डोलावली. तापात बडबडणाऱ्या माणसाला हो हो म्हणतात, तशी. "माहा भाऊ खोकल्याचं औषध म्हणे," ती म्हणाली.

त्या दिवशी मी तिला जवळजवळ हाकलून दिलं. दार लावून घेतलं आणि जेवलेही नाही. गावातली एक बाई मला दारुडी समजते, याचं मला दुःख व्हायला हवं होतं. झालंही. पण ते दुसऱ्या नंबरावर होतं. ती माझ्यासाठी येत नव्हती, बाटलीवर पहारा द्यायला येत होती, हे जास्त लागलं. मी जिला मैत्रीण समजले होते ती ड्यूटीवर होती. स्वतःच्याच घरात मला लाज वाटली. इतकी कशी मी भुकेली, की सूप घेऊन आलेल्या पहिल्या बाईच्या गळ्यात पडले?

दुसऱ्या संध्याकाळी ती आली. जणू काही झालंच नाही, अशी येऊन बसली आणि पदराच्या गाठीतून कोळशाचा तुकडा काढला.

"बाटली द्या जी जरा."

काय करते ते पाहायला मी दिली. तिने बाटलीवर दारूच्या पातळीशी एक काळी रेघ ओढली आणि बाटली परत जागेवर ठेवली. मला आधी संताप आला आणि मग हसू. प्रयोगशाळेत मी पोरींना हेच शिकवत होते, निरीक्षणाची नोंद आधी करा, मत नंतर द्या. काही दिवसांनी पातळी खरोखरच खाली गेली. वहिनीने बाटली माझ्यापुढे धरली.

"मी नाही प्यायले. शेंगा पितात," मी म्हणाले. "सुकलेल्या असतात, शोषून घेतात."

"शेंगा पेतेत," वहिनी म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली. मलाही माझं बोलणं ऐकून वाटलं की मी तिच्या जागी असते तर माझ्यावर काडीचा विश्वास ठेवला नसता.

"मग बाटली फेकून का नाही देत?" मी एकदा चिडून विचारलं.

"फेकून काय होते? भावाच्या लय फेकल्या होत्या घरच्यांनी. माणूस दुसरी आणते. बाटलीचं काही नसते, बाई. माणसापाशी बसा लागते."

मी तिला या म्हणत नव्हते, येऊ नका म्हणणंही बंद केलं. रोज एकदा मी शेंगांचं सांगायची, रोज ती हो हो म्हणायची, आणि तेवढा उपचार आटोपला की आम्ही बोलायला लागायचो. बोलायचो म्हणजे सगळंच. तिला मूल झालं नव्हतं, ते तिने सांगितलं. भावाच्या मातीला पोचायला उशीर झाला, चेहरा पाहायला मिळाला नाही, तेही सांगितलं. मी माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणाचं सांगितलं. आई मला ओळखत नव्हती, नर्स समजायची, हे मी सख्ख्या भावालाही कधी बोलले नव्हते. वहिनीने माझा हात हातात घेतला. "म्हणून सुरू झालं का जी?" तिने हळूच विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला हसू फुटलं. दोन्ही एकदम आलं की कसं दिसतं कोण जाणे. तिने ते आणखी एक लक्षण म्हणून धरलं असणार.

पावसाळा गेला. धान निसवलं, लोंब्या पिवळ्या पडल्या. बाटलीतली दारू कोऱ्या चहाच्या रंगाची झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी भावाकडे नागपूरला गेले आणि तिथे भरल्या घरात मला लाखनीच्या संध्याकाळची आठवण येत राहिली. परत आले त्या दिवशी बूच काढलं. तळाशी मोहाचा उग्र गोडसर वास होता, तो जायचा नव्हताच. पण त्याच्या वर, सगळी खोली व्यापून, व्हॅनिला. माझ्या मैत्रिणीच्या मेणकागदातल्याहून दाट. मी बाटली छातीशी धरून खोलीभर एक चक्कर मारली.

आता खरं तर गप्प बसता आलं असतं. पण मी बरोबर होते. आणि आपण बरोबर असलो की समोरच्याला ते पटवून दिल्याशिवाय अन्न गोड लागू नये, ही माझी जन्माची खोड आहे. रविवारी मी बांधकामाच्या ढिगाऱ्यावरून वाळू आणली, धुतली, वाळवली. रवा, दही, साखर, तूप, सोडा. त्यात एक चमचा अर्क. वाळू भरलेल्या पातेल्यात डबा ठेवून वर जड झाकण ठेवलं आणि स्टोव्हला पंप मारत बसले.

वास गल्लीत गेला. वहिनी त्या दिवशी वेळेच्या आधीच आली आणि उंबऱ्यात थबकली.

"का करून राहिल्या जी? आमची सासू विचारते, बाईकडे देवाचं हाये का काही?"

केक काढला, कापला, बशीत घालून तिच्यापुढे ठेवला. बाटली उघडून नाकाशी धरायला दिली. तिने बाटलीचा वास घेतला, केकचा घेतला, पुन्हा बाटलीचा घेतला. एक तुकडा तोंडात टाकला. चावायची थांबली.

"म्हणजे तुमी खरंच..."

"खरंच."

"शेंगाच पेत होत्या?"

"शेंगाच."

तिने दोन्ही कानांना हात लावले. "बाई, बाई, बाई. मी तुमाले बेवडी समजून राहिली होती जी!" आणि जी हसायला लागली ती थांबेना. मीही हसले. पोट दुखेपर्यंत दोघी हसलो. उरलेल्या केकवर ताटली झाकून ती घरी घेऊन गेली, आणि थोड्या वेळाने समोरच्या घरातून सगळ्यांचं हसणं ऐकू आलं. सासूचं बोळकं हसणं मी वेगळं ओळखलं. मी माझ्या पायरीवर उभी होते. जिंकल्याचा आनंद झाला होता, तो नाकारणार नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी चटई अंथरली. वहिनी आली नाही. म्हटलं, कापणीची गडबड असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली नाही. रोवणीच्या दिवसांत पाय सोलले असताना ती चुकली नव्हती, हे मला आठवत होतं, पण मी ते मनात वर येऊ देत नव्हते. आणखी एकदोन दिवसांनी दिव्याच्या वेळेला मी दारात उभी होते तेव्हा ती सूप घेऊन घरातून निघाली. मी दार सताड उघडलं. ती माझ्याकडे पाहून हसली आणि हायवेकडे वळली.

"वहिनी! कुठे निघालात?"

"रोडाच्या पल्याड ते म्हातारी नाही का? पोरगा मेला तिचा. सांज झाली की घेऊन बसते जी. ते खरीच पेते. तिच्यापाशी मी बसून राहिली आता."

"आणि माझ्याकडे?"

"तुमचं का जी!" ती मोकळेपणी म्हणाली. "तुमची तर काही चिंताच नाही आता. तुमी चांगल्या आहा. तुमाले कायले माणूस लागते?"

तिच्या आवाजात कौतुक होतं. मी पास झाले होते आणि ती मला निकाल सांगत होती. मी पायरी उतरून रस्त्यापर्यंत गेले. मान, लाज, सगळं घरात राहिलं.

"मी पिते," मी म्हणाले. "खरंच पिते, वहिनी. रोज पिते. आता तरी या."

पदर तोंडाला लावून तिने हसू दाबलं, ते दबलं नाही. "बाई, तुमी ना लय गमतीच्या आहा!" माझ्या दंडावर हलकेच चापटी मारून ती पुढे गेली. हसता हसता सुपातला तांदूळ सांडू नये म्हणून तिने एक हात आडवा धरला होता.

मध्ये एक ट्रक आला. तो निघून गेला तेव्हा ती रस्त्यापलीकडे पोचली होती. म्हातारीच्या दारात वाकून तिने हाक मारली, आतून कोणीतरी ओ दिली आणि ती आत गेली. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. कोणी पाहिलं असेल तर पाहिलं असेल. मग घरात आले आणि एका माणसाची कणीक भिजवायला घेतली.